ठकीची वही

आमची मांजर ठकी कुठे झोपते ते मी या वहीत लिहून ठेवते. मार्चपासून न्हाणीच्या उंबऱ्यावर, पावसाळ्यात फ्रिजच्या डोक्यावर, थंडीत आईच्या पायथ्याशी गोधडीच्या घडीत. मांजराची तब्येत कळायचा हा सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे. मांजर कण्हत नाही, लंगडत असलं तरी होईल तितकं लपवतं. दुखायला लागलं की ते जागा बदलतं: पलंगाखाली, कपाटामागे, जिथे कोणाचा हात पोचणार नाही तिथे. एकट्यानं शिकार करणारं आणि वेळप्रसंगी दुसऱ्याची शिकार होणारं हे जनावर. अशक्तपणा दाखवणं त्याला रानात परवडत नव्हतं, आणि घरात येऊन हजारो वर्षं झाली तरी ती सवय गेलेली नाही. त्यामुळे पाहायचं आपण. खाणं, पाणी, शी-शू, झोपायची जागा आणि उडी. एवढ्यावर रोज नजर असली की बहुतेक दुखणी वेळेत हाती लागतात.

*

पेणच्या बाजारातल्या मावशी मांदेलीची डोकी वेगळ्या पिशवीत बांधून देतात. त्याचे पैसे घेत नाहीत, "हे मांजरीच्या नावचं" म्हणतात. घरी आल्यावर ती डोकी आधी उकळायची आणि मगच ठकीसमोर ठेवायची. कच्च्या मासळीच्या काही जातींत थायामिनेज नावाचं विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. तशी मासळी कच्ची आणि रोज खाणाऱ्या मांजराची मान खाली लवते, तोल जातो, पुढे झटकेही येतात. उकळलं की विकराचा जोर संपतो. मीठ नाही, हळद नाही, लसूण तर नाहीच. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कालवणाचा रस भातावर ओतून तो मांजरापुढे ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आहे. ती थांबावी असं मला मनापासून वाटतं.

आणि उकळलेलं पाणी फेकायचं नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं, आणि शिजवताना ते पाण्यात उतरतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल पडून फुगतं, आणि टॉरिन दिलं की पुष्कळदा पुन्हा सुधारतं. तोवर डब्यातलं तयार खाणं खाणारी मांजरंही या रोगानं जात होती. मग आमटी-भातावर वाढलेली आपल्याकडची मांजरं तगली कशी? उंदरांवर. उंदरात टॉरिन भरपूर असतं. ज्या मांजराला आपण शिकारीला बाहेर सोडत नाही, त्याच्या ताटलीची जबाबदारी म्हणूनच पूर्ण आपली.

*

१ जून ते ३१ जुलै दर्यात मासेमारी बंद. बाजारात तेव्हा खाडीची आणि गोड्या पाण्याची मासळी, पहिल्या पावसात वलगणीचे मासे. वलगणीच्या माशांना काटे बारीक, ते बोटांनी काढून द्यावे लागतात. एरवी कोंबडीचं उकडलेलं मांस, अधूनमधून अंडं. काळीज थोडंसंच, रोज दिलं तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं आखडतात.

पावसाळ्याच्या बेगमीचे सोडे, सुकट आणि बोंबील आई पत्र्याच्या डब्यात भरून ठेवते. डबा उघडला की ठकी घरात असेल तिथून धावत येते. सुकटीत मीठ फार. द्यायचीच झाली तर पाण्यात भिजवून, पाणी बदलून, चिमूटभर.

*

दूध: बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. पिल्लाच्या पोटात दुधातली साखर फोडणारं विकर असतं, आईचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. मांजर दूध आवडीनं पितं ते त्यातल्या स्निग्धतेसाठी. गोड त्याला कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरवर्गात निकामी आहे, वाघासिंहांतसुद्धा. २००५ मध्ये हे उघड झालं. गणपतीत ठकी मोदकांच्या पातेल्याशी घुटमळते ती तुपाच्या वासानं.

*

रोह्याला आत्याकडे बाळ्या आहे. पिवळा बोका, कान फाटलेला, आता चौदाव्या वर्षात. आत्याचं घर कुंडलिकेच्या बाजूच्या आळीत. पुढे ओटी, मागे पडवी, वर माळा, मागीलदारी विहीर. बाळ्या त्या घरात स्वतःहून आला. आत्या सांगते, तो ओटीवर बसून राहिला आणि काकांनी त्याच्यासमोर ताटली ठेवली.

आत्याची नजर मी कोणत्याही पुस्तकाच्या वर मानते. काही वर्षांपूर्वी एका रात्री तिचा फोन आला. "अगं, बाळ्या सारखा रेतीत जाऊन बसतोय. जोर करतोय, पण काही होत नाहीये. बद्धकोष्ठ झालं असेल का?" मी विचारलं, रेती ओली आहे का? कोरडी होती. बोक्याचं मूत्र अडलं होतं. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. मूत्रातले बारीक खडे आणि चिकट द्रव्य जमून तिला बूच बसतं. मूत्र आतच साठलं की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. हातात एक-दोन दिवसच असतात, कधी त्याहूनही कमी. सकाळपर्यंत थांबायची सोय नसते. काकांनी ओळखीच्या डॉक्टरांना रात्रीच उठवलं. त्यांनी भूल देऊन नळी घातली, मूत्राशय रिकामं केलं, सलाईन लावलं. बाळ्या वाचला.

बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. सारखा रेतीत बसणारा, तिथे ओरडणारा, पुनःपुन्हा मूत्राची जागा चाटणारा बोका म्हणजे त्याच क्षणी दवाखाना. घरगुती उपाय नकोत. पोट दाबून पाहणंही नको, तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं.

*

त्या प्रसंगानंतर दोन्ही घरांत पाण्याची भांडी वाढली. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं कोरड्या मुलखातलं रानमांजर. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवायची त्याची सवय, त्यामुळे तहान उशिरा लागते. नुसतं कोरडं दाणेदार खाणं मिळणारं मांजर क्वचितच पुरेसं पाणी पितं. म्हणून खाणं ओलसर द्यायचं, मासळीचं पाणी त्यात कालवायचं. आणि पाण्याचं भांडं ताटलीपासून लांब ठेवायचं; खाण्याशेजारचं पाणी पुष्कळ मांजरं टाळतात. भांडं पसरट हवं, मिशा काठाला घासू नयेत असं. ठकीला जुनी काशाची वाटी लागते. बाळ्या विहिरीवरच्या दगडी डोणीतलंच पाणी पितो, म्हणून आत्या ती डोण रोज घासते.

*

रेतीचं घमेलं. दुकानातली रेती महाग, आणि पावसाळ्यात पिशवीतच दमट होते. भाताच्या गिरणीतून तूस आणावा, तो कडक उन्हात वाळवून गोणीत भरून ठेवावा, तळाशी वर्तमानपत्र घालावं आणि वर तूस. ठकी आणि बाळ्या दोघांनाही मानवला. हे पेण-रोह्यातलं सुख, गिरणी हाकेच्या अंतरावर. घमेलं रोज साफ व्हायला हवं. आणि मांजराच्या संख्येपेक्षा एक घमेलं जास्त हवं, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मांजर घमेल्याबाहेर घाण करू लागलं की लोक त्याला मारतात, नाक त्यात घासतात. त्यानं मांजर घाबरतं आणि लपून घाण करू लागतं. कारण घमेल्यात असतं किंवा पोटात. तिथे शोधावं.

*

आमच्या आळीत गणपतीचे कारखाने आहेत. पेणमध्ये वर्षातले बरेचसे महिने हेच काम चालतं. हमरापूर आणि जोहे ही गावं तर सगळीच या कामाची. पावसाळ्यात ठकी समोरच्या कारखान्यात जाऊन बसते. तिथे ती शाडूच्या गोणींवर झोपते आणि कारागीर तिला उठवत नाहीत. आखणी चालू असली, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, की तिथे कोणी मोठ्यानं बोलत नाही. ती शांतता तिला आवडत असावी, कारण ती नेमकी त्याच वेळी जाते.

एकदा ती शेपटीला तैलरंग लावून आली. अशा वेळी घरात पहिला हात टर्पेंटाइनच्या बाटलीकडे जातो, आणि तेच करायचं नाही. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर कातडी भाजतात आणि चाटल्यावर पोटात आणि फुप्फुसात जातात. कारखान्यातल्या मुख्य कारागिरांना हे ठाऊक होतं. त्यांनीच हाक मारून सांगितलं, "ताई, गोडं तेल लावा." खायचं तेल चोळून रंग सैल केला, भांडी धुवायच्या साबणानं कोमट पाण्यात शेपूट धुतली, राहिलेले केस कात्रीनं कापले. पुरतं निघेपर्यंत तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरून ठेवलं, चाटू दिलं नाही. मांजर दिवसातला मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. त्याच्या अंगाला जे लागतं ते त्याच्या पोटात जातं, हे लक्षात ठेवलं तर घरातल्या निम्म्या विषबाधा टळतील.

*

त्याच हिशेबानं घरातून गेलेल्या किंवा बंदोबस्तात ठेवलेल्या वस्तू.

काळं फिनेल. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निपटता येत नाहीत. लादी पुसली, मांजर त्यावरून चाललं, मग पंजे चाटले, झालं. आता साध्या साबणाच्या पाण्यानं लादी पुसतो आणि वाळल्यावरच ठकीला आत घेतो.

डांबरगोळ्या. कोकणात पावसाळ्यात गोधड्यांच्या पेटीत त्या असायच्याच, आणि मांजराला झोपायला गोधड्यांची पेटीच हवी असते. नॅफ्थलीन मांजराला विषारी. आता पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो.

निलगिरीचं तेल, वाफाऱ्याचं आणि अंगाला चोळायचं. झाकण घट्ट, कपाट बंद.

पॅरासिटामॉल. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या डब्यावर चिकटवलं आहे. माणसाच्या तापाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. मायेनंच लोक देतात, "अंग गरम लागतंय" म्हणून. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस.

कुत्र्याचं पिसवांचं औषध. परमेथ्रिन असलेले थेंब कुत्र्याला चालतात, मांजराला झटके येतात. औषधाच्या दुकानात "जनावरांचं आहे, चालेल" असं कोणी म्हटलं तरी बाटलीवर मांजराचं नाव लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नये.

*

खारेपाटात भात पोटरीला आलं की उंदीर वाढतात आणि बांधावर विषाच्या गोळ्या पडतात. ब्रोमाडायोलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावून फिरतो. असा मंद उंदीर मांजराला आयता सापडतो आणि विष मांजरात उतरतं. रक्त गोठत नाही, हिरड्यांतून येतं, पोटात साचतं. त्यावर के-१ जीवनसत्त्वाची औषधयोजना आहे, पण डॉक्टरांना वेळेवर सांगितलं तर. मी शेजारच्या शेतकरी काकांना विनंती केली की गोळ्या टाकायच्या आठवड्यात आधी निरोप द्या. ते देतात. ते दिवस ठकी घरात. ती दाराशी बसून ओरडते, आणि मी तिच्यासाठी खिडकीत पाट ठेवते, म्हणजे निदान चिमण्या दिसतील.

*

आपण घामानं हैराण असताना मांजर चुलीजवळ का बसतं, याचं उत्तर साधं आहे. शरीराला जास्तीची मेहनत न करता आराम वाटतो असं तापमान मांजराच्या बाबतीत साधारण ३० ते ३८ अंश असतं. आपल्यापेक्षा बरंच वर. म्हणून पावसाळ्याच्या गार ओलीत त्याला ऊब लागते. आत्याकडे अजून न्हाणीघरात बंब पेटतो. बंबाशेजारची जमीन दुपारपर्यंत कोमट राहते आणि ती जागा बाळ्याची आहे. घरातलं कोणी तिथे बादली ठेवत नाही.

ओल मात्र वाईट. दमट अंथरुणात पिसवा आणि बुरशी. मांजराच्या कानामागे, नाकाजवळ केस गेलेला गोल डाग दिसला तर तो नायटा असू शकतो; माणसालाही लागतो, लहान मुलांना पटकन. अंथरूण पातळ असावं, दोन-तीन असावीत, ऊन पडेल त्या दिवशी सगळी बाहेर. जाडजूड गादीपेक्षा जुन्या सुती साडीची चौघडी बरी, धुता येते, वाळते.

*

जुन्या घरातल्या किती वस्तू मांजरामुळे जन्माला आल्या! शिंकं. जाळीचं कपाट. दुधाच्या पातेल्यावरचा वरवंटा. आत्याच्या माजघरात शिंकं अजून टांगलेलं आहे, त्यात आता कांदे असतात.

आणि मांजर घरात आलं ते धान्याच्या कणगीमुळे. माणसानं धान्य साठवलं, त्यामागे उंदीर आले, त्यामागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, दोघांची तोंडं एकाच दिशेला. बेटावर मूळची मांजरं नव्हती. कोणीतरी होडीतून नेलं असणार. एवढ्या जुन्या काळी कोणी समुद्रप्रवासात मांजराची सोय पाहिली होती, या विचारानं मला आनंद होतो.

*

पेणहून रोह्याला ठकीला नेणं. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. अंतर फार नाही, पण रस्ता हाडं मोजणारा.

पेटी प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून काढली तर मांजर तिला शत्रू मानणारच. आमच्याकडे पेटी वर्षभर जमिनीवर उघडी असते, आत तिचीच चौघडी. ठकी तिथे दुपारची झोपते. निघायच्या आधी काही तास खाणं नाही, म्हणजे उलटी होत नाही. पेटीवर पातळ कापड टाकायचं, बाहेरची धावती दुनिया दिसली नाही की ती शांत राहते. पेटी मांडीवर घ्यायची नाही, सीटच्या पुढच्या खोबणीत घट्ट बसवायची. आणि वाटेत कितीही केविलवाणी ओरडली तरी पेटी उघडायची नाही. नागोठण्याच्या नाक्यावर सुटलेलं मांजर परत मिळत नाही.

रोह्याला पोचल्यावर तिला आधी एकच खोली द्यायची. माजघराचं दार बंद, तिचं अंथरूण न धुतलेलं, तिच्या वासाचं. बाळ्याला दाराखालून तिचा वास मिळू दे. ओळख दोघांच्या सवडीनं व्हावी. आत्या अधीर होते, "दोघांना एकत्र सोड की गं, खेळतील." मांजरं अशी खेळत नाहीत. आधी हद्द ठरवतात.

*

दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची सशस्त्र सलामी होते आणि पालखी गावभर फिरते, घराघरांसमोर रांगोळ्या, वाजंत्री, ढोल. आम्ही सगळे त्यासाठी जातो. मांजराला ६० हजार हर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात, माणसाला २० हजारांपर्यंत. उंदराच्या पिल्लांची चीं-चीं टिपायला बनलेले कान ते. त्या कानांना आळीतला ढोल काय वाटत असेल! त्या दिवशी माळ्यावर गोधड्यांच्या ढिगामागे एक खोका उपडा ठेवलेला असतो, एका बाजूला भोक पाडून. बाळ्या पालखीच्या आधीच तिथे जातो. त्याला ओढून काढायचं नाही, कुशीत घ्यायचं नाही. पाणी आणि घमेलं माळ्यावर. वाजंत्री दूर गेली की तासाभरानं तो आपणहून उतरतो.

घाबरलेल्या मांजराला लपायला जागा देणं हेच त्याला धीर देणं. प्रत्येक घरात अशी एक जागा असावी, जिथून मांजराला कोणीही, लाडानंसुद्धा, बाहेर काढणार नाही.

*

फणसाड अभयारण्य मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं. त्या बाजूला आणि खाली शेतांतही रानातली मांजरं आहेत: बाऊल, आणि वाघाटी. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, अंगावर तांबूस ठिपके. कापणीच्या वेळी गवतात, भाताच्या पेंढ्यात पिल्लं सापडतात आणि दयेनं लोक घरी आणतात. पिल्लू पट्ट्यापट्ट्यांचं, दणकट पायांचं आणि फिस्कारणारं असेल तर हात लावू नये. आई शिकारीला गेलेली असते, अंधार पडला की परत येते. तेवढा तुकडा कापायचा ठेवून लांब जावं आणि वनखात्याला कळवावं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ही मांजरं संरक्षित आहेत. पाळता येत नाहीत, आणि पाळून ती सुखीही होत नाहीत.

*

ठकीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आत्या नाराज होती. "एक वेत तरी होऊ दे. बाईच्या जातीला आई व्हावंसं वाटतं." मी तिच्याशी वाद घातला नाही, शेजारी बसून हिशेब मांडला. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. आपल्या मुलखात ऊन बारा महिने, त्यामुळे वर्षात दोन-तीन वेतंही होतात. ती पिल्लं कुठे जातात? बाजाराच्या कोपऱ्यावर खोक्यात, रस्त्यावर. आत्यानं ती खोकी पाहिलेली आहेत. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका फार कमी होतो, हेही डॉक्टरांनी तिला समजावलं. मग तीच म्हणाली, "नंतर तिला इकडे आण, मी सांभाळते."

सांभाळलं तिनंच. टाक्यांना तोंड लागू नये म्हणून जुन्या बनियनचा सदरा शिवला. माळ्याची शिडी काढून ठेवली, उड्या नकोत म्हणून.

लशी: आठ आठवड्यांच्या आसपास पहिली, मग काही आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांनंतर रेबीजची. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू आपल्या चपलांवरून घरात येतो.

*

सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, मांजर मारलं तर. आजीनं आम्हा मुलांना हे इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की आमच्यापैकी कोणी मांजरावर दगड उचलला नाही. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर. आणि भक्तिमार्गातला मार्जारन्याय: माकडाचं पिल्लू आईला धरून ठेवतं, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते, देवावर असा भार टाकावा, असं रामानुजांच्या परंपरेतल्या तेंगलै शाखेचं म्हणणं. मांजर आडवं गेलं म्हणून थबकणारे आपण, पण याच परंपरेत मांजराला इतकी मानाची जागाही आहे. मुलांना सांगायचं तर मी हे सांगेन.

*

२०२१ साली कोकणात महापूर आला, १९८९ च्या जुलैत आंबा नदीनं जांभूळपाड्याची वाताहत केली. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे अजून बोलल्या जातात. कुंडलिका फुगली की आत्या आधी बाळ्याची पेटी माळ्यावर नेते, त्यात चौघडी, चार दिवसांचं खाणं, त्याच्या लशींचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. मग कपाटं रिकामी करायला घेते.

*

बाळ्या म्हातारा झाला. ओटीच्या कट्ट्यावर पूर्वी एका झेपेत चढायचा, आता आधी पायाकडे पाहतो. सांधे दुखत असणार. लोक म्हणतात, "वय झालं, झोपतो." म्हाताऱ्या मांजराचं जास्त झोपणं हे पुष्कळदा दुखणंच असतं. डॉक्टरांनी तपासून मांजरासाठीचं वेदनाशामक दिलं आहे, मोजून. आत्यानं कट्ट्याखाली दोन पाट रचून पायऱ्या केल्या. घमेल्याची एक बाजू काकांनी कापून खाली केली आणि कडा वळवून गुळगुळीत केली, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. नखं आता झिजत नाहीत, वळून गादीत रुततात, ती दर काही आठवड्यांनी टोकापुरती कापायची. गुलाबी भागाला कात्री लावायची नाही. पाठीचे केस तो स्वतः विंचरू शकत नाही, तिथे आत्या मऊ ब्रशनं हात फिरवते.

मूत्रपिंडावर लक्ष. म्हातारं मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागलं तर ते चांगलं लक्षण समजू नये, रक्त तपासावं.

वजन दर महिन्याला. मांजर काट्यावर थांबत नाही, म्हणून काका आधी एकटे काट्यावर उभे राहतात, मग बाळ्याला घेऊन, आणि आत्या वजाबाकी करते. या खेपेला आकडा गेल्या महिन्याइतकाच आला. खाणं दोन वेळांऐवजी चार वेळा, थोडं थोडं, कोमट करून द्यायचं ठरलं आहे. गारठलेल्या ताटलीचा वास त्याला आता नीट येत नाही. मांदेलीचं पाणी मी पेणहून बर्फात घालून नेते.